सागरपूजन आणि सागरपरीक्षण

आज नारळी पौर्णिमा. श्रावणातील सणांच्या मालिकेत या दिवसाचे स्थान काही वेगळेच आहे. इतर सणांना आपण देवाला घरी आणतो. आज आपणच घराबाहेर पडून देवाच्या दारी, म्हणजे दर्याच्या काठी जातो. पावसाळ्याचे उग्र रूप ओसरू लागलेले असते, होड्यांना नवा रंग चढलेला असतो, आणि किनाऱ्याकिनाऱ्यावरील कोळी बांधव वाजतगाजत येऊन सागरास श्रीफळ अर्पण करतात. ज्यांच्या उपजीविकेचा समुद्राशी काडीचाही संबंध नाही अशा घरांतही आज नारळीभात शिजतो आणि वरुणदेवतेचे स्मरण होते. ज्याच्याकडून आपण वर्षभर घेतो, त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही या सणामागील भावना आहे. आणि ती कोणत्याही काळी शिळी होणारी नाही.

तथापि, हात जोडून झाल्यावर आणि नारळ लाटेवर सोडून झाल्यावर एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ज्या पाण्याची आपण पूजा केली, ते पाणी आज आहे तरी कसे? त्यात उतरलेले मूल आजारी पडेल की नाही? त्यातून जाळे ओढणाऱ्या हातांना खरूज होईल की नाही? या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेने मिळत नाही आणि नुसत्या डोळ्यांनीही मिळत नाही. निळेशार दिसणारे पाणी दूषित असू शकते आणि गढूळ दिसणारे पाणी निर्धोक असू शकते. उत्तर मिळवावयाचे, तर पाणी बाटलीत भरून पारखावे लागते. हे काम शासनाच्या नोकरीत नसलेली, वेतन न घेणारी साधी माणसे जगातील एका मोठ्या बंदरात नेमाने करीत आली आहेत. ते बंदर न्यूयॉर्कचे. इतक्या दूरची हकीकत सणाच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन आहेत. त्या माणसांच्या कामात आम्हांला व्रताचे सारे गुण दिसतात, हे एक. आणि त्याच बंदराच्या एका उपसागराकाठी आपले धर्मबंधू आज कित्येक वर्षे गंगापूजन करीत आहेत, हे दुसरे.

न्यूयॉर्क हे शहर पाण्याच्या आधारानेच वाढले. हडसन नदी तेथे अटलांटिक महासागरास मिळते. 'ईस्ट रिव्हर' म्हणून ओळखला जाणारा प्रवाह नावाने नदी असला, तरी वस्तुतः दोन्ही टोकांनी खाऱ्या पाण्यास जोडलेली सामुद्रधुनी आहे. भरतीचा जोर हडसनच्या पात्रात सुमारे अडीचशे किलोमीटर आत, ट्रॉय या गावापर्यंत जाणवतो. एके काळी या बंदरातील कालवे, म्हणजे खडकांना चिकटून वाढणारे शिंपल्यांतील जीव, खाण्यासाठी दूरदूरच्या बाजारांत जात. कालवाचा स्वभाव असा, की ते पाणी आत घेते, गाळते आणि स्वच्छ करून बाहेर सोडते. परंतु शहराचा मैला जसजसा बंदरात उतरू लागला, तसतसे पाणी गाळणारे हे जीवच रोगांचे वाहक ठरले. आणि १९२७ साली शहरातील कालवांच्या उरल्यासुरल्या जागाही बंद कराव्या लागल्या. ज्याने पाणी शुद्ध करावयाचे, तोच अशुद्धतेने बाद झाला, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

शहराच्या कारभाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. बंदराच्या पाण्याची अधिकृत पाहणी तेथे १९०९ पासून होत आली आहे. मात्र पाहणी करणे आणि उपाय करणे यांमध्ये पुष्कळ वर्षे गेली. जलप्रदूषणाला आळा घालणारा अमेरिकेचा प्रमुख कायदा १९७२ साली झाला. त्यानंतरही मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम भागातील मैला, रोज पन्नास कोटी लिटरांहून अधिक, कोणतीही प्रक्रिया न होता थेट हडसनमध्ये जात होता. ते थांबले १९८६ साली, त्या काठावरील प्रक्रिया केंद्र सुरू झाले तेव्हा. जगातील सर्वांत धनाढ्य शहरांपैकी एका शहराची ही कथा आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. पैसा असला म्हणजे पाणी आपोआप निर्मळ होत नाही.

आज त्या शहरात १४ प्रक्रिया केंद्रे आहेत आणि ती रोज सुमारे ४९० कोटी लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करतात. मग तरीही पाणी पारखण्याची गरज का उरावी? याचे उत्तर जमिनीखाली दडलेले आहे. शहराच्या सुमारे साठ टक्के भागात घरांतील मैला आणि रस्त्यावरील पावसाचे पाणी एकाच नळातून वाहते. जुन्या काळी ही काटकसरीची योजना समजली जात असे. कोरड्या दिवशी हा सारा प्रवाह प्रक्रिया केंद्राकडे जातो व तेथे स्वच्छ होतो. परंतु पाऊस आला की नळ तुडुंब भरतात. केंद्राची क्षमता संपते. तेव्हा पाणी मागे सरून घराघरांतील मोऱ्यांतून वर येऊ नये म्हणून नळांना मधेच वाटा ठेवलेल्या आहेत. त्या वाटांनी पावसाचे पाणी आणि मैला, दोन्ही मिळून, बंदरात लोटले जाते. वर्षाकाठी असे हजारो कोटी लिटर पाणी बाहेर पडते. म्हणजे ज्या पर्जन्याने सृष्टी धुऊन निघावी, त्याच पर्जन्याने तेथील बंदर मलिन होते. दोष पर्जन्याचा नाही. आपल्या मागल्या पिढ्यांनी जमिनीत पुरून ठेवलेल्या सोयीचा आहे.

या बंदरात हौसेने होड्या वल्हवणाऱ्यांची अनेक मंडळे आहेत. ती सर्वसामान्यांना पाण्यावर नेतात. आठवड्याच्या शेवटी लहान मुले, वृद्ध, प्रथमच वल्हे धरणारे नवखे अशी सर्व तऱ्हेची माणसे तेथे जमतात. त्यांचे हात पाण्यात बुडतात, पाणी तोंडावर उडते, कधी होडी कलंडते. आपण या लोकांना पाण्यात उतरवतो, तर ते पाणी कसे आहे हे आपल्याला ठाऊक असावयास नको काय, असा सरळ प्रश्न या मंडळांना पडला. शहराची अधिकृत नौका नमुने घेई ते बहुधा खोल, वाहत्या पाण्यातून. माणूस मात्र पाण्यात उतरतो तो काठावरून, धक्क्यापाशी, जेथे पाणी साचते आणि गटारांची तोंडे उघडतात. काठाचे पाणी काठावरच्या माणसांनीच पारखावे, या विचारातून तेथील जलमार्ग संघ, बंदराच्या अभ्यासाला वाहिलेल्या संस्था व प्रयोगशाळा एकत्र आल्या आणि २०१० नंतरच्या दशकात या कामास निश्चित रूप आले.

कामाचा क्रम साधा आहे, पण शिस्त कडक. मे ते ऑक्टोबर या काळात सुमारे वीस आठवडे, दर गुरुवारी सकाळी, नेमलेला स्वयंसेवक नेमलेल्या जागी जातो. गुरुवार हा आपल्याकडे उपासनेचा वार. तेथे तो सोयीने ठरला आहे. गुरुवारी नमुना घेतला की शुक्रवारी निकाल हाती येतो, आणि शनिवार-रविवारी पाण्यात उतरणाऱ्यांना तो आधी कळतो. बाटली निर्जंतुक केलेली असते. तिच्या तोंडाला वा झाकणाच्या आतील बाजूस बोट लागता कामा नये. लागले तर हाताचे जंतू पाण्याच्या नावावर मांडले जातील. पृष्ठभागावरचा तवंग टाळून बाटली खाली बुडवून भरावयाची. जागा, वेळ, पाण्याची स्थिती, भरती की ओहोटी, आदल्या दिवसांत पाऊस पडला की नाही, हे सर्व टिपून ठेवावयाचे. मग बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावयाची. उशीर झाला तर तो नमुना बाद, मग तो आणण्यासाठी माणूस पहाटे कितीही लवकर उठलेला असो.

प्रयोगशाळेत शोध घेतला जातो तो 'एन्टेरोकोकस' नावाच्या जंतूंचा. हे जंतू मनुष्याच्या आणि इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत वास करतात आणि खाऱ्या पाण्यातही काही काळ टिकून राहतात. ते स्वतः प्रत्येक वेळी रोग करतातच असे नाही. पण ते सापडले, म्हणजे त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे आणि तिच्याबरोबर येणारे रोगजंतूही असू शकतात, अशी साक्ष मिळते. नमुन्यात जंतूंचे अन्न असलेले द्रव्य मिसळून ते पाणी लहान लहान कप्प्यांच्या तबकात सीलबंद करतात आणि ४१ अंश सेल्सिअस उष्णतेत २४ तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी अतिनील प्रकाशाखाली जे कप्पे निळसर चमकतात, त्यांत जंतू आहेत असे समजावयाचे. आणि चमकलेल्या कप्प्यांच्या संख्येवरून पाण्यातील जंतूंचा अंदाज काढावयाचा. दर १०० मिलिलिटर पाण्यात ३५ पर्यंत असतील तर हिरवी खूण; ३५ ते १०४ असतील तर पिवळी; १०४ च्या वर गेले तर लाल. एवढ्या तीन खुणांत निकाल सांगितला जातो, म्हणजे शाळकरी मुलालाही तो समजतो.

या आकड्यांतून काय निष्पन्न झाले? सर्वांत ठळक गोष्ट पावसाची. कोरड्या आठवड्यात मोकळ्या, वाहत्या पाण्याच्या पुष्कळ जागा हिरव्या राहतात. चांगला पाऊस होऊन गेला की त्याच जागा लाल होतात, आणि भरती-ओहोटीच्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा निवळतात. पण ज्या खाड्यांना व कालव्यांना दुसरे तोंड नाही, जेथे पाणी फिरत नाही, तेथे दोष रेंगाळतो. ब्रुकलीनमधील सुमारे तीन किलोमीटरांचा गोवानस कालवा अशांपैकी एक. कारखान्यांच्या जुन्या विषांमुळे तो २०१० साली देशातील अतिदूषित स्थळांच्या यादीत घातला गेला, आणि पावसाळी मैला अडवण्यासाठी त्याच्या काठी भूमिगत टाक्या बांधण्याचे काम हाती घ्यावे लागले. बंदर हे एकच पाणी नसून शेकडो पाण्यांचा समूह आहे, आणि एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेस लावता येत नाही, हा धडा या साध्या बाटल्यांनी दिला.

या परीक्षेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निकाल २४ तासांनी मिळतो. तोवर पाणी बदललेले असते. विष्ठेची खूण सापडते, पण पारा, शिसे किंवा तेलाचा अंश या परीक्षेत दिसत नाही. आणि मोजल्याने पाणी शुद्ध होत नाही, हे तर उघडच आहे. ज्वर मोजल्याने ज्वर उतरत नाही. तथापि ज्वरमापक न लावता औषध देणारा वैद्य आपण कोणी घरी बोलावीत नाही. २० जुलै २०११ रोजी हडसनकाठच्या त्याच प्रक्रिया केंद्रात आग लागली, केंद्र बंद पडले आणि कोट्यवधी लिटर मैला थेट नदीत सोडावा लागला. ऐन उन्हाळ्यात, लोक पाण्यात उतरण्याच्या दिवसांत हे घडले. मैला पाण्यात सुटला असता लोकांना ते वेळेवर सांगितलेच पाहिजे, असा न्यूयॉर्क राज्याचा कायदा २०१२ साली झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. जाणण्याचा हक्क मागणारे नागरिक जेथे जागे असतात, तेथेच असे कायदे होतात आणि झाल्यावर पाळले जातात.

आता त्या बंदराच्या दुसऱ्या काठाकडे वळू. क्वीन्स या उपनगराच्या दक्षिणेस जमैका नावाचा विस्तीर्ण उथळ उपसागर आहे. त्याच नावाच्या बेटाशी त्याचा संबंध नाही. त्याचा मोठा भाग १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात मोडतो. जवळच्या रिचमंड हिल वस्तीत गयाना आणि त्रिनिदाद येथून आलेली हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. १८३८ पासून गयानात आणि १८४५ पासून त्रिनिदादमध्ये उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून भारतातून नेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या पूर्वजांनी काळे पाणी ओलांडले, भाषा गमावली, गावे विसरली. पण गंगामाता विसरली नाही. जेथे वाहते पाणी दिसले, तेथे त्यांनी गंगा पाहिली. जमैका उपसागराच्या काठी ते दिवे लावतात, फुले, फळे, नारळ व वस्त्रे अर्पण करतात, आणि कोणी आपल्या माणसांच्या अस्थीही तेथे विसर्जित करतात. पाच-सहा पिढ्या परमुलखात काढूनही टिकलेली ही श्रद्धा पाहून कोणाचेही मन भरून यावे.

परंतु गंगेत आणि या उपसागरात एक भेद आहे. गंगेचा प्रवाह अर्पण केलेली वस्तू पुढे नेतो. उपसागराची भरती ती परत काठावर आणून टाकते. ओहोटीच्या वाळूत साड्या, मूर्ती, नारळ आणि निर्माल्य विखुरलेले दिसू लागले. उद्यानाच्या रक्षकांनी हरकत घेतली, नियम दाखवले. पूजा करा, पण वस्तू मागे ठेवू नका असे सांगितले. येथे वाद पेटण्यास कितीसा वेळ लागला असता? धर्मात ढवळाढवळ होते अशी ओरड करता आली असती. आणि ती करणाऱ्यांना एक तयार युक्तिवादही सापडला असता: शहराचा मैला याच पाण्यात येतो तो चालतो, आणि आमची फुले मात्र चालत नाहीत काय? या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पावसाबरोबर येणारा मैला आरोग्यास अधिक घातक आहे, हे परीक्षणाचे आकडेच सांगतात. पण दुसऱ्याचा मोठा दोष हा आपल्या लहान दोषास परवाना होत नाही. तेथील 'साधना' या हिंदू संघटनेच्या तरुण मंडळींनी वाद न वाढवता 'प्रकल्प पृथ्वी' या नावाने किनारा झाडण्याचे काम अंगावर घेतले, आणि अर्पणाच्या वस्तू पूजेनंतर घरी न्याव्यात असे आपल्याच लोकांना समजावण्यास आरंभ केला. पूजा थांबली नाही. तिच्यामागे स्वच्छतेचे एक कर्म जोडले गेले. हीच खरी धर्माची वाट होय.

आमच्या काही श्रद्धाळू वाचकांच्या मनात येथे एक शंका उभी राहील. जे तीर्थ, जे स्वभावतःच पवित्र, त्याची परीक्षा घेणे हा त्याचा अवमान नव्हे काय? या शंकेचा आम्ही अनादर करीत नाही. पण पावित्र्य आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या घरातील चाल-रीतच सांगते. कलशपूजेत आपण सात नद्यांना त्या कलशातील पाण्यात आवाहन करतो. म्हणून काय आपण कलशात गढूळ पाणी भरतो? पूजेची फुले निवडताना कीड लागलेले फूल बाजूला काढतो. नैवेद्याचा तांदूळ खडे वेचून घेतो. कुजका निघालेला नारळ देवापुढून उचलतो. यात देवाविषयी अविश्वास नसतो. देवाविषयीची काळजी असते. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. पाणी पवित्र म्हणून त्याला काही होत नाही, अशी त्या काळच्या शास्त्रकारांची समजूत असती, तर हा निषेध लिहिण्याची गरजच त्यांना पडली नसती.

आणि ही केवळ आमची उपपत्ती नव्हे. वाराणसीच्या संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ते महंत होते आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राशी निगडित अभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. गंगेत नित्य स्नान करण्याचा त्यांचा नेम होता. आणि त्याच गंगेचे पाणी प्रयोगशाळेत तपासून ते स्नानास योग्य राहिलेले नाही, हेही त्यांनी उच्च स्वराने सांगितले. १९८२ साली त्यांनी गंगा स्वच्छतेसाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि १९९३ साली तुळसी घाटावर पाण्याच्या परीक्षणासाठी प्रयोगशाळा उभारली. सरकारी योजनेचे दावे आणि प्रत्यक्ष पाण्याचे आकडे यांतील अंतर दाखवण्याचे धैर्य त्यांना या प्रयोगशाळेनेच दिले. २०१३ साली ते निवर्तले. माता रुग्ण आहे असे म्हणणारा पुत्र तिची निंदा करीत नसतो. तिची नाडी पाहत असतो. महंतजींनी आयुष्यभर हेच केले, आणि त्यांच्या श्रद्धेत त्याने तिळमात्र उणेपणा आला नाही.

दुसरी शंका व्यवहारी माणसाची. हे काम शासनाचे. त्यासाठी आपण कर भरतो. मग सामान्य माणसाने बाटल्या घेऊन का हिंडावे? काम शासनाचे आहे हे निर्विवाद. किंबहुना महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा आपला कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० साली आपले मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. समुद्रस्नानास योग्य पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० पेक्षा अधिक असू नयेत, असे प्रमाणही आपल्या देशात ठरलेले आहे. मुंबईच्या सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी २०२३ च्या जानेवारीत झाली. परंतु केंद्र उभारणे म्हणजे पाणी निर्मळ होणे नव्हे. चौदा केंद्रे असूनही न्यूयॉर्कला आजही बाटल्या भराव्या लागतात. शासनाची जागा स्वयंसेवकाने घ्यावयाची नसते. त्याने साक्षीदार व्हावयाचे असते. साक्षीदार असला म्हणजे अधिकाऱ्याचे काम अधिक नीट होते, आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला त्याचा आधारच वाटतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर निष्काम श्रमाला हात कमी नाहीत, हे वर्सोव्याने दाखवून दिले आहे. तेथे २०१५ पासून नागरिकांनी आठवड्यामागून आठवडे कचरा उचलला, आणि २०१८ साली त्या वाळूतून कासवांची पिले समुद्राकडे गेलेली लोकांनी पाहिली. डोळ्यांना दिसणारा मळ काढणारे हात आहेत. न दिसणारा मळ पारखणारे हात आता हवे आहेत. जंतुशास्त्र शिकवणारी महाविद्यालये किनाऱ्यावरील शहरांत आहेत. कोळीवाड्यांत पाण्याचा रंग, वास आणि ओढ ओळखणारी जाणती माणसे आहेत. देवस्थानांकडे आणि उत्सव मंडळांकडे बाटल्यांचा व द्रव्यांचा खर्च सोसण्याचे सामर्थ्य आहे. या तिघांची गाठ घालून देणारा कोणीतरी पुढे यावयास हवा.

यासाठी दिवस कोणता निवडावा, याविषयी आम्हांला एक सूचना करावीशी वाटते. न्यूयॉर्कच्या स्वयंसेवकांचा वार ठरलेला आहे. पण भरतीची वेळ रोज पुढे सरकत असल्याने त्यांना एका गुरुवारी भरती, तर दुसऱ्या गुरुवारी ओहोटी गाठते, आणि आकड्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडे चंद्राच्या गतीवर चालणारे पंचांग घरोघर आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ मिळते, हा ढोबळ हिशेब आपल्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. एकादशीस हा हिशेब सुमारे सव्वाआठ येतो, मग ती शुद्ध पक्षातील असो वा वद्य पक्षातील. म्हणजे दर एकादशीस सकाळी एका ठरावीक घटकेला पाणी घेतले, तर ते दर खेपेस समुद्राच्या जवळजवळ त्याच अवस्थेतील मिळेल. मात्र नुसते भरतीचेच पाणी घेऊ नये. ते बाहेरून आलेले, तुलनेने निर्मळ, आणि म्हणून खोटा दिलासा देणारे. ओहोटी लागून नाल्यांचे पाणी बाहेर पडू लागते, त्या साडेदहा-अकराच्या सुमारास नमुना घ्यावा आणि दुपारपूर्वी प्रयोगशाळेत पोहोचवावा. महिन्यातून दोनदा उपवास करणाऱ्या घरांना महिन्यातून दोनदा एक बाटली भरणे अवघड जाऊ नये.

मात्र हे काम करावयाचे तर व्रताच्या कडकपणानेच करावयास हवे. मनात आले तेव्हा केले आणि कंटाळा आला तेव्हा सोडले, अशा परीक्षणाचा उपयोग नाही. त्याने अपप्रचार मात्र होतो. निष्काळजीपणे भरलेल्या एका बाटलीने निर्दोष किनारा बदनाम होईल किंवा दूषित किनाऱ्यास निर्वाळा मिळेल. आकडा मनासारखा आला नाही म्हणून लपवू नये. मनासारखा आला म्हणून मिरवू नये. जो आकडा आला तो, ज्या दिवशी आला त्या दिवशी, किनाऱ्यावरील फलकावर खडूने लिहावा. त्यावर कोळीणही बोट ठेवील, अधिकारीही ठेवील, आणि समुद्रात खेळावयास आलेल्या मुलाची आईही ठेवील.

आजच्याच पौर्णिमेस घरोघर राखी बांधली जाते. जिच्या हातून आपण राखी बांधून घेतो, तिची खुशाली विचारण्याचे बंधन आपण मनोमन मान्य केलेले असते. सागरास नारळ देताना आपण त्याच्याशी जोडलेले नाते याहून सैल असू नये. तो आपले मीठ देतो, मासळी देतो, पाऊस देतो. आपल्या शहरांचे सारे मळ तो मुकाट्याने पोटात घेतो. त्याला बोलता येत नाही. त्याची प्रकृती कशी आहे हे सांगण्याचे काम त्याच्या काठी राहणाऱ्यांचे आहे. आज संध्याकाळी आमचे वाचक आपापल्या किनाऱ्यावर श्रीफळ घेऊन जातील, तेव्हा त्यांनी हा विचार मनात वागवावा, आणि येत्या एकादशीस त्यांच्यापैकी काहींनी तरी हाती स्वच्छ बाटली घेऊन पुन्हा त्याच काठी यावे, अशी आमची विनंती आहे. सर्व वाचकांना नारळी पौर्णिमेच्या हार्दिक शुभेच्छा.